डिप्रेशनची गोळी ईईजी बघून ठरवावी का?

निवांत_वाचक:
गोळ्या सुरू केल्या की डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य: ‘चार-सहा आठवडे घ्या, मग बघू.’ लागू नाही पडली की दुसरी, पुन्हा तेवढीच वाट. डिप्रेशनच्या औषधांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या औषधावर पूर्ण बरे झालेले जेमतेम एक तृतीयांश. याउलट २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या अमित एटकिन यांच्या गटाने सर्ट्रालिन (डिप्रेशनची एक गोळी) किंवा प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) दिलेल्या ३०९ जणांचे आधीच काढलेले ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचे आलेख, तपासले आणि त्यातल्या अल्फा नावाच्या लहरींवरून सर्ट्रालिन कुणाला लागू पडेल याचा अंदाज बांधला. डोक्याला टोपी, थोडी जेल, काही मिनिटं स्वस्थ बसणं. हे दवाखान्यात यायलाच हवं.

कडू_कारलं:
घाई नको. २०१९ मध्ये विज नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे बरेच अभ्यास एकत्र तपासले. संवेदनशीलता (गोळी लागू पडणारे बरोबर ओळखणं) ७२ टक्के, विशिष्टता (लागू न पडणारे बरोबर ओळखणं) ६८. आता हिशेब मांडा: शंभरांतल्या पन्नास जणांना गोळी लागू पडणार असेल, तर त्यातल्या चौदा जणांना मशीन ‘नाही पडणार’ म्हणणार. त्यांच्या तोंडची गोळी काढून घ्यायची? शिवाय ज्यात काही सापडलं नाही ते अभ्यास सहसा छापूनच येत नाहीत. हे अजून दवाखान्यात वापरू नये, असंच विज यांच्या गटानेही म्हटलंय.

निवांत_वाचक:
काढून कोण घेतंय? त्या गोळीचा नंबर मागे जाईल, इतकंच. आज तरी गोळी कशावरून ठरते? झोप, वजन, साइड इफेक्ट, घरात कुणाला कोणती गोळी लागू पडली होती. आणि एटकिन यांच्या पेपरात सर्ट्रालिनचा अंदाज वाईट निघालेल्यांना टीएमएस (डोक्याजवळ यंत्र धरून मेंदूला चुंबकीय स्पंदनं देणं) आणि सोबत समुपदेशनाची थेरपी हे जास्त उपयोगी पडताना दिसलं. नुसता नकार नाही, पुढची वाटही आहे.

तारा_जोडणारी:
मी ईईजी काढते. तेल लावून येऊ नका म्हणून बजावलं तरी चप्प तेल लावून येतात, मग इलेक्ट्रोड धरत नाहीत. पापणी लवली, दात आवळले की कागदभर रेघोट्या. फिटचा ईईजी डॉक्टर डोळ्यांनी वाचतात, तिथे हे खपून जातं. इथे सगळा खेळ बारीक आकड्यांचा, त्यात प्रत्येक सेंटरचं मशीन वेगळं.

कडू_कारलं:
घ्या! आणि ‘तुम्हाला गोळी लागू पडणार नाही’ असा छापील रिपोर्ट आधीच खचलेल्या माणसाच्या हातात दिलात, तर तो उद्यापासून गोळीच बंद करेल.

निवांत_वाचक:
मग रिपोर्ट डॉक्टरकडेच राहू द्या.

कडू_कारलं:
आपल्याकडे? अहो, फाईल पेशंटच्याच पिशवीत असते!