खाऱ्या टँकमध्ये हिरवं लावावं का नको?

राजारामपुरीकर: दीड वर्ष झालं, घरात १५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दोन क्लाउन मासे, एक गोबी मासा, शंखातले चार खेकडे. माशांच्या घाणीतनं आणि उरलेल्या खाण्यातनं पाण्यात साठणारं नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली येईना. आईचं वेगळंच, "नुसते धोंडे काय बघायचे, जरा हिरवं लाव की." म्हणून जुन्या गोड्या टँकमधली व्हॅलिसनेरियाची दोन रोपं टाकून बघितली. चार दिवसांत शिजलेल्या पालकासारखी झाली. हसू नका. आता मॅक्रोअल्गी, म्हणजे समुद्री शेवाळ लावावं म्हणतोय. ते नायट्रेट खातं, म्हणजे माझ्या मते फायदाच आहे. विरोध असेल तर बोला.

मीठभाकर: माझा आहे. रंकाळ्यातलं केंदाळ बघत मोठे झालो, आता तेच घरात आणायचं? मी कॉलर्पा नावाचं वेलीसारखं समुद्री शेवाळ लावलं होतं. दोन महिने दृष्ट लागावी असं वाढलं. एका सकाळी बघतो तर पानं काचेसारखी पांढरी आणि पाणी हिरवट ताक. मासे वर येऊन तोंड मारत होते. एक डॅमसेल गेला, बाकीचे बादलीत काढून वाचवले. त्याची अख्खी वेल म्हणजे एकच पेशी. बीज सोडायची वेळ आली की पोटातलं सगळं पाण्यात ओतते आणि मरते. महिनाभर खाल्लेलं नायट्रेट एका रात्रीत परत! १९८४ मध्ये मोनॅकोजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलिया समुद्रात दिसला आणि पुढं भूमध्य समुद्रात पसरला. कॅलिफोर्नियात २००० साली सापडला, तो ताडपत्र्या झाकून, आत क्लोरीन सोडून मारावा लागला. सहा वर्षं गेली त्यात.

सागरमाळचा चेटोवाला: भावा, दुखणं कॉलर्पाचं आणि शिव्या सगळ्या शेवाळाला. चेटोमॉर्फा हे दुसरं शेवाळ हातात घेऊन बघ, भांडी घासायच्या नायलॉनच्या घासणीसारखं लागतं. दगडाला धरत नाही, असं फुटणंही क्वचितच. सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत ठेवायचं, वर एलईडी, आणि तो रात्री लावायचा, टँकचा दिवा बंद असताना. रात्री कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) उतरतो, तो मग तेवढा उतरत नाही.
राजारामपुरीकर, खरं काम लावण्यात नाही, काढण्यात आहे. शेवाळानं नायट्रेट खाल्लं तरी ते टँकमध्येच असतं, त्याच्या अंगात. मूठभर उपटून बाहेर टाकलं तरच गेलं. मी दर रविवारी मटण आणायच्या आधी हेच करतो.

पंचगंगाकाठ: मटणासारखं वजन पण करता काय?

सागरमाळचा चेटोवाला: करतो की. गेल्या रविवारी निथळून पावशेर.

मीठभाकर: एवढा खटाटोप कशाला? पाणी बदला सरळ.

सागरमाळचा चेटोवाला: ३० लिटर बदललं तर ४० चं ३२ होतं. खायला घालत राहिलं की परत वर. लिटरमागे ३५ ग्रॅम धरलं तरी किलोभर मीठ गेलं, आरओचं पाणी वेगळंच.

मीठभाकर: आणि लाईट गेली की? अंधारात शेवाळ पण ऑक्सिजन ओढतं. आमच्या गल्लीत पावसाळ्यात चार-चार तास लाईट नसते. बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या, शेवाळाचं नंतर बघा.

सागरमाळचा चेटोवाला: हे मात्र मान्य.

पंचगंगाकाठ: आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या खडकावरनं फुकट आणलं तर?

सागरमाळचा चेटोवाला: नको. त्यातनं कुठला खेकडा घरात येईल सांगता येत नाही. आणि चुकून प्रवाळाचा दगड उचललास तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकशील.

मीठभाकर: राजारामपुरीकर, एक विचारू? माशांना खायला कोण घालतं?

राजारामपुरीकर: सकाळी मी, संध्याकाळी आई. पाहुणे आले की पोरं.

मीठभाकर: झालं. तीन मासे आणि तीन आचारी. आधी डबा कपाटात ठेवा, पंधरा दिवसांनी नायट्रेट मोजा, मग शेवाळाचं बोला.

सागरमाळचा चेटोवाला: डबा ठेव कपाटात, पण चेटो लाव. दगडात दीड वर्षाचं साठलंय ते पण बाहेर यायला पाहिजे.

राजारामपुरीकर: माझ्याकडं सम्प नाही. टँकच्या मागं अडकवायचा डबा घेतो आणि त्यात चेटो ठेवतो. आईला सांगितलं, हिरवं येतंय पण मागच्या डब्यात. म्हणाली, "मग मला काय उपयोग त्याचा?"

मीठभाकर: आई आमच्या पार्टीत.