विषय: कॅम्पर व्हॅनचा उघडणारा टप एका बाजूने रेंगाळतो, सल्ला हवा आहे

प्रेषक: सभासद, लीड्स

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

आमच्याकडे 2009 सालची फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी5 आहे आणि आधीच्या मालकाने तिची कॅम्पर व्हॅन करून घेतलेली आहे. तिचा टप फायबरचा असून तो मागच्या कडेला बिजागरीवर फिरतो. पुढची कड आतून वर ढकलली की भोवतीची कॅनव्हासची कनात ताठ होते आणि वर दोघांना झोपता येते. दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा एकेक दुमडणारा हात आणि एकेक गॅस स्ट्रट (आतल्या वायूच्या दाबाने टप वर ढकलणारी नळी) अशी रचना आहे. स्ट्रटच्या नळीवर ‘300 न्यूटन’ असा जोराचा आकडा छापलेला अजून वाचता येतो.

गेल्या हिवाळ्यापासून टप उचलताना डावी बाजू मागे राहते. उजवा हात पुरता सरळ होऊन अडकतो तेव्हाही डावा गुडघ्यात वाकलेलाच असतो आणि शेवटी त्याला हाताने धक्का द्यावा लागतो. उन्हाळ्यात हा त्रास जाणवत नव्हता, त्यामुळे थंडीमुळे असे होत असावे असे आम्हाला वाटले. मध्यंतरी पुढच्या भागावर 100 वॅटचे सौर पॅनेलही बसवले आहे. जवळच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली असता त्यांनी टप न उघडताच 500 न्यूटनचे स्ट्रट बसवा, प्रश्न मिटेल, असे सांगितले. हा उपाय योग्य आहे का? ईस्टरच्या सुट्टीत लेक डिस्ट्रिक्टला जाण्याचा विचार आहे आणि मुले वरच्याच मजल्यावर झोपणार असल्याने मला घाईघाईने काहीतरी जोडून मोकळे व्हायचे नाही. हत्यारे घरी आहेत आणि काम स्वतः करण्याची तयारी आहे.

आपली नम्र,
लीड्स

—

प्रेषक: सभासद, शेफील्ड

लीड्सच्या ताईंना नमस्कार,

तुम्ही स्ट्रटवरचा आकडा वाचून कळवलात हे फार बरे झाले, कारण त्यावरून बरेच काही सांगता येते. पहिली विनंती अशी की 500 न्यूटनचे स्ट्रट कृपया मागवू नका. ते का मागवू नयेत हे थोडे विस्ताराने लिहितो, कारण हाच सल्ला अनेकांना सर्रास दिला जातो आणि त्यातून धडधाकट टपाचे नुकसान होते.

टप बंद असतो तेव्हा स्ट्रट जवळजवळ आडवा पडलेला असतो. समजा तो क्षितिजाशी 10 अंशांचा कोन करतो. मग 300 न्यूटनच्या जोरापैकी टप वर उचलण्याच्या कामी येतो तो फक्त 52 न्यूटन, आणि त्याच वेळी त्याचा आडवा जोर, म्हणजे सुमारे 295 न्यूटन, दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटना रेटत राहतो. टप अर्धा उघडून स्ट्रट 45 अंशांवर आला की तोच स्ट्रट 212 न्यूटन वर ढकलतो. म्हणूनच सुरुवातीचा धक्का नेहमी आपल्यालाच द्यावा लागतो आणि पुढे टप आपसूक हलका वाटू लागतो. हा दोष नसून ती रचनाच तशी आहे. आता 500 न्यूटनचा स्ट्रट लावला तर बंद अवस्थेत वर उचलण्याचा जोर 52 वरून 87 न्यूटनवर जातो, म्हणजे लाभ अवघा 35 न्यूटनचा, पण ब्रॅकेटवरचा आडवा ताण मात्र 295 वरून 492 न्यूटनवर जातो. हा ताण गाडी उभी असताना, चालत असताना, रात्रंदिवस, फायबरमध्ये बसवलेल्या दोन-चार स्क्रूंवर पडत राहणार. स्क्रूची भोके लांबट होतात, भोकाभोवती केसासारख्या चिरा पडतात, आणि मग स्ट्रटच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च टपाच्या दुरुस्तीवर होतो. शिवाय टप खाली ओढून पट्टे आवळताना दर वेळी त्या वाढीव जोराशी झगडावे लागते ते वेगळेच.

थंडीबद्दल. स्ट्रटमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो आणि त्याचा दाब निरपेक्ष तापमानाच्या (उणे 273 अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या तापमानाच्या) प्रमाणात बदलतो. 20 अंश सेल्सिअसवरून 0 अंशावर आल्यास जोर साधारण 7 टक्क्यांनी घटतो, म्हणजे 300 चे 280 न्यूटन होतात. तुमच्या टपाच्या पुढच्या कडेला हा फरक जेमतेम दीड किलोचा वाटेल आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच वाटेल. एकच बाजू मागे पडते याचे कारण थंडी असू शकत नाही. आधीच अशक्त झालेली बाजू थंडीने उघडी पाडली, एवढेच म्हणता येईल.

तेव्हा कारण शोधण्याचे काम आधी करावे. टप पूर्ण उघडून दोन्ही हात अडकवा आणि पुढच्या कडेखाली दोन्ही बाजूंना मापात कापलेले लाकडी टेकू द्या. टेकूशिवाय स्ट्रट काढू नयेत, आणि ते काढताना टप पूर्ण उघडलेलाच असावा, कारण तेव्हा स्ट्रट पूर्ण लांब झालेला असल्याने तो टोकांवर फारसा रेटत नाही. टोकाच्या सॉकेटवर एक स्प्रिंगची क्लिप असते. बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती किंचित उचलली की सॉकेट ब्रॅकेटवरच्या धातूच्या गोळीवरून सुटतो. क्लिप पूर्ण उपसून काढू नका, ती उडून गेली की सापडत नाही. नळीत आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याला पकड लावू नका, कारण दांड्यावर उठलेला एक ओरखडाही आतले सील फाडायला पुरतो.

स्ट्रट सुटले की दोन माणसांनी टप हळूहळू खाली-वर करून पाहावा. स्ट्रट नसतानाही डावी बाजू अडखळत असेल तर दोष हाताच्या सांध्यात आहे, आणि दोन्ही बाजू सारख्या चालत असतील तर तो स्ट्रटमध्ये आहे. दोन्हीकडे थोडाथोडा असणेही शक्य आहे. स्ट्रट तपासायला घरातला वजनकाटा पुरतो: काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यात उथळ खळगा करावा, दांड्याचे टोक खाली त्यात टेकवावे आणि स्ट्रट अगदी सरळ धरून नळीवर दोन्ही हातांनी सावकाश दाबावे. दांडा आत सरकू लागेल त्या क्षणी काटा दाखवील तो आकडा 9.8 ने गुणला की न्यूटन मिळतात. 300 न्यूटनचा स्ट्रट 30 किलोच्या जरा वर आकडा दाखवायला हवा. दांड्यावर तेलाचा ओशट थर असेल तर सील गळते आहे असे समजावे. स्ट्रट दुरुस्त होत नाही. त्याला भोक पाडणे, कापणे किंवा तापवणे धोक्याचे आहे. बदलायचे तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर नवा आणि जुना यांच्या ओढाताणीत टप पुन्हा तिरकाच उठेल.

पॅनेलची बाब मला स्ट्रटइतकीच महत्त्वाची वाटते. 100 वॅटचे काचेचे, अॅल्युमिनियमच्या चौकटीचे पॅनेल साधारण 7 किलो भरते. स्ट्रट बिजागरीपासून 80 सेंटीमीटरवर आणि पॅनेलचा मध्य 160 सेंटीमीटरवर आहे असे धरले, तर त्या 7 किलोंसाठी स्ट्रटना 14 किलो, म्हणजे सुमारे 137 न्यूटन, उचलावे लागतात. अर्ध्या उघडलेल्या टपाला दोन्ही स्ट्रट मिळून 424 न्यूटन देतात, त्यातला जवळपास तिसरा हिस्सा एकट्या पॅनेलने खाल्ला. तेच पॅनेल बिजागरीजवळ सरकवले तर हा भार निम्म्याहूनही कमी होईल. प्रत्यक्ष मापे घेऊन हा हिशेब अवश्य करून पाहा.

कळावे,
शेफील्ड

—

प्रेषक: सभासद, एडिनबरा

नमस्कार,

शेफील्डच्या काकांनी स्ट्रटविषयी जे लिहिले आहे त्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त मागच्या बिजागरीकडे आणि कनातीकडे लक्ष वेधतो.

बिजागरी रबरी सीलच्या बाहेर असते आणि हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेले मीठ तिच्यात जाऊन बसते. बिजागरी अॅल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असतील तर खारट ओलाव्यात अॅल्युमिनियम झिजू लागते आणि स्क्रूच्या डोक्याभोवती पिठासारखी पांढरी भुकटी दिसते. ती दिसल्यास स्क्रू एकेक करून काढावा, आटे ब्रशने साफ करावेत आणि ड्युरालॅकसारखी दोन धातूंना वेगळे ठेवणारी पेस्ट लावून परत बसवावा. सगळे स्क्रू एकदम सैल करू नयेत, टप जागचा सरकतो आणि पुन्हा सीलवर बरोबर बसवताना फार त्रास होतो. बिजागरीला आणि सांध्यांना साधे ग्रीस लावण्याऐवजी कोरडा टेफ्लॉन स्प्रे वापरावा, कारण ग्रीसवर धूळ आणि वाळू चिकटते. स्प्रे मारताना मागे पुठ्ठा धरावा, कॅनव्हासवर त्याचे डाग पडतात.

कनातीबद्दल माझा अनुभव असा की बाजू रेंगाळण्याचे मूळ पुष्कळदा टप बंद करण्याच्या पद्धतीत सापडते. खिडक्या-दारे लावलेल्या गाडीत टप खाली ओढला की आतली हवा कनातीला बाहेर फुगवते आणि तिची घडी हाताच्या सांध्यात किंवा सीलवर चेंगरते. सरकते दार थोडे उघडे ठेवावे, टप अर्ध्यावर थांबवून कॅनव्हास दोन्ही बाजूंनी आत ओढून घ्यावा आणि मगच पूर्ण बंद करावा. डाव्या हाताजवळच्या कापडावर घासल्याची खूण आहे का ते पाहावे. आणि पावसात कनात ओली असताना टप बंद करावा लागला तर घरी पोचल्यावर लगेच उघडून ती वाळवावी, बुरशी एकदा धरली की जात नाही.

आपला,
एडिनबरा

—

प्रेषक: सभासद, लीड्स

काका आणि दादा, दोघांनाही मनापासून धन्यवाद.

आपण सांगितल्याप्रमाणे टेकू देऊन दोन्ही स्ट्रट काढले. वजनकाट्यावर उजव्या स्ट्रटने 27 आणि डाव्याने 19 किलो दाखवले, म्हणजे अनुक्रमे सुमारे 265 आणि 186 न्यूटन. डाव्याच्या दांड्यावर बोटाला लागेल इतके तेल होते. स्ट्रट नसताना टप उचलून पाहिला तेव्हाही डावा हात खालच्या सांध्याशी अडखळत होता. तो सांधा सोडवल्यावर दिसले की आतल्या नायलॉनच्या वॉशरचे दोन तुकडे झाले आहेत, एक तुकडा जागेवर आडवा झाला आहे आणि अॅल्युमिनियम अॅल्युमिनियमवर घासून तिथे करडा लगदा जमला आहे. त्याच ठिकाणी कनातीवर घासल्याची खूणही आहे, कापड अजून फाटलेले नाही. दोन्ही बाजूंचे वॉशर बदलले, सांध्यात कोरडा स्प्रे मारला आणि नवा नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे आपोआप सैल न होणारा) हात मोकळा फिरेल इतपतच आवळला. आता स्ट्रटशिवाय दोन्ही बाजू सारख्या उठतात.

स्ट्रट 300 न्यूटनचेच मागवले आहेत. दोन सॉकेटांच्या मध्यांमधले अंतर स्ट्रट पूर्ण लांब असताना मोजले, दांडा 8 आणि नळी 18 मिलिमीटर व्यासाची आहे, आणि गोळी 10 मिलिमीटरची. टप बंद असताना दांडा खाली आणि नळी वर राहील अशाच दिशेने ते बसवावेत, म्हणजे आतले तेल सीलवर राहते, असे पुरवठादाराने सांगितले; जुने तसेच बसवलेले होते. ब्रॅकेटभोवती फायबरला चिरा नाहीत. बिजागरीच्या दोन स्क्रूंभोवती पांढरी भुकटी सापडली, ते साफ करून पेस्ट लावून बसवले.

पॅनेलचा हिशेब प्रत्यक्ष मापांनी केला. आमचे स्ट्रट बिजागरीपासून 70 सेंटीमीटरवर आहेत आणि पॅनेलचा मध्य 155 वर, म्हणजे काकांनी धरल्यापेक्षाही भार जास्तच पडतो. पॅनेल मागे घ्यायचे नक्की केले आहे. ते गोंदाने चिकटवलेले असल्यामुळे ब्रॅकेटखालून बारीक तार करवतीसारखी ओढून सोडवावे लागेल, आणि ते काम टप बंद ठेवूनच करणार आहोत.

नवे स्ट्रट शुक्रवारपर्यंत येतील. ते बसवून टप प्रथमच खाली घेताना पुढची कड दोन्ही बाजूंनी धरायला आणि डाव्या-उजव्या फटी टेपने मोजायला आणखी एक माणूस लागेल. लीड्स किंवा ब्रॅडफर्ड परिसरातील कोणाला रविवारी सकाळी तासभर येणे जमणार असेल तर कृपया मला वेगळी मेल पाठवावी. जेवणाची सोय आमच्याकडे आहे.

आपली,
लीड्स