मदत हवी आहे: गूढ शब्दकोड्यात काना-मात्रा सुटे धरायचे का?

नमस्कार मंडळी, मी सांगलीत विश्रामबागला राहतो आणि आत्या साताऱ्यात. ती मराठी शिकवायची, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण दर रविवारी सकाळी चौकटीच्या वहीत शब्दकोडं आखते आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते. पेपरात येतं तसलं सरळ कोडं नाही, गूढ. तिचा नियम एकच, नुसतं उत्तर सांगितलं तर अर्धा मार्क, फोड सांगितली तर पूर्ण. फोड म्हणजे उत्तर कसं आलं ते, संधीची फोड करायचो ना शाळेत तसं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शोधसूत्राचे दोन भाग असतात. सुरुवातीला किंवा शेवटी उत्तराचा साधा अर्थ आणि उरलेल्यात ते उत्तर अक्षरांतून कसं तयार करायचं त्याची कृती. कुठला भाग कुठे संपला हे कोण सांगत नाही, तेच तर ओळखायचं. कंसातला आकडा म्हणजे घरं किती.

मागच्या रविवारची ही बघा.

"माणसा, ताराबाई यांच्यामध्ये दडलेलं शहर (३)". हे मला चहा पिता पिता सुटलं. मा-ण-सा-ता-रा-बा-ई, मधली तीन अक्षरं उचलली की सातारा. आणि ताराबाई म्हटल्यावर डोक्यात इतिहास फिरायला लागतो, महाराणी ताराबाई, अजिंक्यतारा वगैरे, त्यामुळे अक्षरांकडे लक्षच जात नाही, हे मला फार आवडलं.

"पाढ्यातले दोन आणि एक कण, तासगावचा माल (३)". बे एके बे मधला बे, पुढे दाणा, बेदाणा. हे तर आमच्या जिल्ह्याचंच, तासगावला बेदाण्याचे सौदे निघतात ते कुणाला माहीत नाही. हे सुटल्यावर मी बायकोला हाक मारून दाखवलं.

"साप उलटला आणि ओंजळ भरली (२)". सा-प उलटं प-सा. पसा म्हणजे ओंजळभर.

आता अडलंय कुठे ते सांगतो.

पहिलं, "करापुढे अपुरं वंदन, डोंगरची काळी मैना (४)". उत्तर करवंद हे शेंबडं पोर पण सांगेल, मे महिन्यात महाबळेश्वरच्या रस्त्याला पानाच्या द्रोणात मिळतात तीच, पण फोड? कर आला, पुढे वंद. ते अपुरं वंदन म्हणजे वंदनातला शेवटचा न काढायचा एवढंच आहे का? मग पहिलं अक्षर का नाही काढायचं, "अपुरं" मध्ये शेवटचंच असं कुठे म्हटलंय?

दुसरं, "कडेच्या आत राजाची सुरुवात, कृष्णा कोयनेला भेटते तिथे (३)". प्रीतिसंगम म्हणजे कराड हे उघड आहे, राजाची सुरुवात रा हेही कळलं, पण "कडे" मध्ये रा घातला तर कराडे होतंय.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी खरं तर हा धागा काढला. "नवरा बिघडला की माकड (३)". मधलं घर न, हे आडव्या शब्दातून पक्कं आहे. बिघडला म्हणजे अक्षरांची उलथापालथ एवढं कळतंय. मी न, व, रा हे तीन कागदाचे तुकडे करून टेबलावर फिरवले, वनरा होतं, रानव होतं, शब्द काय होत नाही. दोन दिवस घालवले यात. शेवटी उत्तर वानर असावं असं वाटतंय पण त्यात वा आहे आणि नवऱ्यात वा नाहीच. काना एका अक्षरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचा का? मग साप उलटताना काना स ला चिकटूनच का राहिला? एकाच कोड्यात दोन नियम कसे?

आत्याला विचारता येत नाही कारण पुढच्या महिन्यात तिला पंचाहत्तर पूर्ण होतायत आणि मी तिच्यासाठी एक कोडं रचतोय, गुपचूप. इतकी वर्षं ती आमच्यासाठी रचतेय, तिच्यासाठी कुणीच कधी रचलं नाही. ते नियमात बसलेलं हवं, तिला चूक दिसली की ती आधी चूक बघते, मग कौतुक करते. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १

कराडचं सोपं आहे दादा. मूळ शब्द कड. "च्या" लागल्यावर सामान्यरूपात तो कडे- झाला. मराठीत सूत्र सोडवताना प्रत्यय काढून शब्द मूळ रूपात आणायचा, मगच घरात बसवायचा. क, रा, ड. इंग्रजी कोडी सोडवणाऱ्यांना ही सवय नसते म्हणून ते मराठीत हमखास इथेच अडकतात, मी पण अडकायचो. "करापुढे" मध्ये तुम्ही करा चं कर आपोआप केलंत बघा, तेच इथे करायचं होतं.

करवंदाबद्दल तुमची शंका रास्त आहे. अपुरं राहिलेलं काम म्हणजे शेवट न झालेलं, म्हणून शेवटचं अक्षर जातं असा संकेत आहे. पहिलं काढायचं असेल तर डोकं उडालं, सुरुवात चुकली असं काहीतरी म्हणतात.

प्रतिसाद २

वानर बरोबर आहे. वर्णविच्छेद करा, शाळेतला. नवरा = न् अ व् अ र् आ. वानर = व् आ न् अ र् अ. सहाच्या सहा वर्ण तेच, एक जास्त नाही एक कमी नाही. मला तर सूत्र एकदम चोख वाटलं, आत्यांना नमस्कार सांगा.

आता दोन नियम का? उलटं वाचताना आपण अक्षर फोडत नाही. "रामाला भाला मारा" लहानपणापासून उलटसुलट वाचतो ते अख्ख्या अक्षरांनीच, मा चा काना मागे टाकून कुणी वाचत नाही. साप वर्णांनी उलटवला तर अपास् असं काहीतरी होईल, त्याला काय अर्थ? म्हणून उलटताना अक्षर हा घटक. बिघडणं, विस्कटणं, मोडणं यात मात्र वस्तूच फुटते, तिथे वर्ण सुटे होऊ शकतात. पण हा सर्वमान्य नियम नाही, काही जण उलथापालथीतही काना-मात्रा हलवू देत नाहीत. दोन्ही चालतं, कोड्याच्या वर एका ओळीत लिहून टाकायचं की या कोड्यात काना-मात्रा सुटे आहेत. सोडवणाऱ्याला फसवायचं ते अर्थात, नियमात नाही. इंग्रजीत झिमेनीज या टोपणनावाने कोडी रचणारे मॅकनट होते, त्यांनी १९६६ मध्ये पुस्तकच लिहिलं सूत्र रचण्यावर, त्यांचा सगळा भर या चोखपणावर होता. व्याख्या नेमकी, कृती न्याय्य, आणि तिसरं काहीही नको.

प्रतिसाद ३

थोडं अवांतर, पण हे सगळं इंग्रजांकडून आलं असं समजू नका. शब्दकोड्याची चौकट अमेरिकेतली, १९१३ सालची, पण शब्द फोडून फसवायचा खेळ आपल्याकडे किती जुना आहे! "कं बलवन्तं न बाधते शीतम्", कुठल्या बलवानाला थंडी वाजत नाही? उत्तर प्रश्नातच, कंबलवन्तं, ज्याच्याकडे कांबळं आहे त्याला. याला अंतर्लापिका म्हणतात. आत्या मराठीच्या शिक्षिका म्हणजे त्यांना हे नक्की पाठ असणार, तुमच्या कोड्यात अशी जागा तोडून जोडायची एक तरी ठेवा, त्यांना बरं वाटेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्णविच्छेद वाचला आणि खरंच उठून उभा राहिलो, आठवीत आत्यानेच शिकवला होता मला, उन्हाळ्याच्या सुट्टीत, अंगणात बसून. तुकडे मी अक्षरांचे केले, वर्णांचे करायला पाहिजे होते.

वर एक ओळ लिहितो मग, "उलथापालथीत काना-मात्रा सुटे, उलटताना अक्षर अखंड". कंबलवन्तं वरून एक जागा शोधतोय, अजून जमलेली नाही.

बाकी बारा सूत्रं झालीत. पहिलं आडवं तिच्या माहेरचं ठेवलंय म्हणजे आमच्याच जुन्या घराचं, "डोकं नसलेली हवाई, ढोल्या गणपतीपाशी (२)". हवाईतला ह गेला, वाई उरली. व्याख्या शेवटी आहे, "डोकं नसलेली" ही खूण आहे, जास्तीचा शब्द एकही नाही असं मला वाटतं. "पाशी" मुळे गावाचं नाव नेमकं येतं का, की "ढोल्या गणपतीचं गाव" असंच सरळ करू? शनिवारपर्यंत सांगितलंत तर बरं होईल, रविवारी चुलतभाऊ साताऱ्याला जाणाराय, त्याच्याकडे पाकीट द्यायचंय.