मदत हवी आहे: ईआरच्या (हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाच्या) डॉक्टरांचं वेगळं बिल आलंय, ते मेडिकेअर घेतात का आणि नक्की कशातले डॉक्टर आहेत हे कसं बघायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षांच्या वर इथे राहून झाली म्हणून मेडिकेअरचं (६५ वर्षांवरच्यांसाठीचा इथला सरकारी आरोग्य विमा) पार्ट ए (हॉस्पिटलसाठी) आणि पार्ट बी (डॉक्टरांसाठी) दोन्ही प्रीमियम भरून घेतलंय (त्यांनी किंवा सासऱ्यांनी इथे कधी नोकरी केली नाही, त्यामुळे ते ४० क्वार्टर्सवालं (म्हणजे दहा वर्षांच्या कामावरचं) बिनप्रीमियमचं पार्ट ए नाही मिळत). अॅडव्हान्टेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फतचं मेडिकेअर) नाही, वरचं सप्लिमेंटही (उरलेला खर्च भरणारा जादा विमा) नाही.

२०२५ च्या शेवटी एका रात्री त्यांच्या छातीत दाटल्यासारखं झालं आणि घाम फुटला, सरळ ईआरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई खरंच खूप चांगल्या होत्या, फोनवर मराठी दुभाषी घेऊन सासूबाईंशी स्वतः बोलल्या, इसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्त तपासणी) परत परत करून बघितलं, सगळं नॉर्मल आल्यावर सकाळी घरी सोडलं. त्याबद्दल काहीच तक्रार नाही, त्यांचे उपकारच आहेत.

आता हॉस्पिटलचं स्टेटमेंट वेगळं आलंय आणि त्या डॉक्टरांच्या नावाने दुसऱ्याच राज्यातल्या एका ग्रुपचं बिल वेगळं आलंय, त्यावर पूर्ण रक्कम आणि खाली इन्शुरन्सची माहिती नाही असं लिहिलंय. नवऱ्याने नेटवर त्यांचं नाव शोधलं तर एका साइटवर इमर्जन्सी मेडिसिन, दुसरीवर फॅमिली मेडिसिन, एक म्हणते मेडिकेअर घेतात, दुसरीवर त्याचा उल्लेखच नाही. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली नो सरप्राइजेस कायदा (अनपेक्षित बिलांपासून वाचवणारा) आहे, एक पैसा भरू नका. सासूबाई मात्र रोज विचारतात किती झाले गं, माझ्यामुळे तुम्हाला भुर्दंड, आणि मला त्यांचं ते ऐकवत नाही.

तर खरी माहिती कुठे बघायची, आणि बिल भरू की थांबू? प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद:
ताई, आधी श्वास घ्या, भरू नका अजून. मी मेडिकल बिलिंगमध्ये आहे. इथे हॉस्पिटलचं बिल वेगळं आणि डॉक्टरचं वेगळं हे नेहमीचंच, ईआरचे बरेचसे डॉक्टर हॉस्पिटलचे नोकर नसतात, कुठल्यातरी ग्रुपकडून येतात आणि बिल तो ग्रुप पाठवतो. मेडिकेअरमध्ये डॉक्टर तीन प्रकारचे. पार्टिसिपेटिंग म्हणजे मेडिकेअरचा दर हीच पूर्ण फी मानणारे. नॉन-पार्टिसिपेटिंगवाले जास्त लावू शकतात पण त्यालाही मर्यादा आहे, मेडिकेअरने त्यांच्यासाठी ठरवलेल्या दराच्या ११५ टक्के, आणि तो दर मुळात पार्टिसिपेटिंगपेक्षा ५ टक्के कमी असतो. तिसरे ऑप्ट-आउट, ते एरवी खासगी करार करून हवी ती फी घेतात, पण इमर्जन्सीत आलेल्या पेशंटकडून तो करार करून घेता येत नाही, तिथे त्यांनाही क्लेम मेडिकेअरला पाठवावाच लागतो आणि तीच मर्यादा लागू होते. म्हणजे तिन्हीपैकी काहीही असलं तरी पूर्ण रक्कम तुमच्यावर येत नाही.

बिलावरच्या नंबरवर फोन करा आणि लाल-पांढऱ्या-निळ्या कार्डावरचा ११ अक्षरांचा नंबर द्या. क्लेम पाठवायला त्यांना उपचाराच्या तारखेपासून एक वर्ष असतं. मग मेडिकेअरकडून समरी नोटीस येईल, त्यात तुमचा वाटा किती ते असतं, तेवढंच भरायचं. पार्ट बीचं २०२५ चं डिडक्टिबल (वर्षात आधी स्वतः भरायची रक्कम) २५७ डॉलर, त्यापुढे मंजूर रकमेच्या २० टक्के. आणि नो सरप्राइजेस कायदा १ जानेवारी २०२२ पासून आहे हे बरोबर, पण तो खासगी इन्शुरन्ससाठी, मेडिकेअरचे हे नियम त्याच्या आधीपासूनचे आहेत.

प्रतिसाद:
मी एमबीबीएस पुण्यातून केलं आणि इथे येऊन ईआरमध्येच रेसिडेन्सी (पदवीनंतरचं प्रशिक्षण) केली, म्हणून डॉक्टरांच्या बाजूचं सांगतो. त्या डॉक्टर साइट्स सोडून द्या, जुना डेटा उचलून चिकटवतात. सरकारी एनपीआय रजिस्ट्रीवर (डॉक्टरांच्या ओळख क्रमांकांची यादी) नाव टाका, दहा आकडी नंबर आणि स्पेशालिटी दिसते, पण ती स्पेशालिटी डॉक्टरने स्वतः नोंदवलेली असते, त्यावरून ट्रेनिंग सिद्ध होत नाही आणि मेडिकेअर घेतात हेही नाही. बोर्ड सर्टिफिकेशन (त्या स्पेशालिटीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र) बघायला सर्टिफिकेशन मॅटर्स नावाची साइट आहे, फुकट आहे. लायसन्स आणि काही कारवाई झाली असेल तर ती राज्याच्या मेडिकल बोर्डाकडे. मेडिकेअरसाठी मेडिकेअरच्याच साइटवर केअर कंपेअर, आणि ऑप्ट-आउट डॉक्टरांची यादी सीएमएस (मेडिकेअर चालवणारं सरकारी खातं) वेगळी प्रसिद्ध करतं.

फॅमिली मेडिसिन दिसलं म्हणून घाबरू नका. इमर्जन्सी मेडिसिनला इथे स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्यताच १९७९ मध्ये मिळाली, आणि रेसिडेन्सी न करता नुसत्या अनुभवावर बोर्डाची परीक्षा द्यायचा रस्ता १९८८ मध्ये बंद झाला. आजही लहान गावांतल्या ईआर फॅमिली मेडिसिनवाले सांभाळतात आणि उत्तम सांभाळतात. तुम्ही सांगितलेलं वर्क-अप अगदी योग्य झालंय. अजून एक, ड्युटीवर असताना समोरच्याचा इन्शुरन्स कोणता ते आम्ही बघत नाही, १९८६ चा एम्टाला कायदा आहे, आधी तपासायचं आणि स्थिर करायचं. बिलिंगचे हक्क आम्ही ग्रुपला लिहून दिलेले असतात, त्यामुळे त्या बाईंना हे बिल गेलंय हे माहीतही नसेल.

धागाकर्ती:
दोघांचे खूप खूप आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं, आज नीट जेवल्या. एनपीआयवर बघितलं, इमर्जन्सी मेडिसिन मुख्य म्हणून आहे आणि फॅमिली मेडिसिन दुय्यम, बोर्ड सर्टिफिकेटही इमर्जन्सीचंच निघालं, केअर कंपेअरवरही त्या मेडिकेअरचा दर घेतात असं दिसतंय. ग्रुपला फोन केला तर कळलं की हॉस्पिटलकडून त्यांच्याकडे सेल्फ पे (विमा नाही, पेशंट स्वतः भरणार) म्हणून नोंद गेली होती, कार्डाचा नंबर आता घेतलाय आणि क्लेम पाठवतो म्हणाले. फक्त मेडिकेअरला फोन केला तर ते सासूबाईंशीच बोलायचं म्हणतात, त्यांना इंग्रजी येत नाही, काय करू?

प्रतिसाद:
दुभाषी मागा, मेडिकेअर फोनवर फुकट देतं. किंवा सासूबाई शेजारी बसून तोंडी परवानगी देतील तर तेवढ्या कॉलपुरतं तुमच्याशी बोलतात. कायमचं हवं असेल तर सीएमएस-१०१०६ फॉर्म आहे, त्यावर सासूबाईंची सही घेऊन पाठवा. आणि समरी नोटीस आल्यावर काही नाकारलेलं दिसलं तर अपील करायला नोटीस मिळाल्यापासून १२० दिवस असतात, तेव्हा पाकीट जपून ठेवा. क्लेम पाठवल्याची तारीख ग्रुपकडून लेखी मागून घ्या आणि तोपर्यंत बिल होल्डवर ठेवायला सांगा, नाहीतर मध्येच कलेक्शनला (वसुली कंपनीकडे) टाकतात.