बिजुत्सुकान: संग्रहालय की कलादालन?

चैत्रबन: जपानमधल्या निगाता प्रांतात, तोकामाची शहराबाहेरच्या ओइके या डोंगरी वस्तीत, बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली मिथिला संग्रहालय सुरू केले. तिथे मधुबनीच्या चित्रांबरोबर आपल्या वारली चित्रकारांनी केलेली कामेही आहेत. दुपारभर तिथे होतो, पण चित्रांसमोर क्वचितच कुणी दिसले. त्या भेटीवरच्या लेखात ‘मिथिला बिजुत्सुकान’ या जपानी नावातल्या ‘बिजुत्सुकान’साठी मी ‘संग्रहालय’ लिहिले, तर संपादकांनी ते ‘कलादालन’ केले. शिवाय ‘बायका चौक लिहितात’ (चौक म्हणजे वारली लग्नघराच्या भिंतीवरचे विधिचित्र) या वाक्यातले ‘लिहितात’ बदलून ‘काढतात’ केले. पहिल्या बदलाविषयी आपले मत हवे आहे.

ओवीकार: ‘कलादालन’ पटत नाही. दालन म्हणजे इमारतीतला एक भाग. प्रदर्शन आठवडाभर भरते आणि भिंती पुन्हा मोकळ्या होतात, अशी जागा त्या शब्दाने डोळ्यांपुढे येते. ‘कान’ म्हणजे मोठी वास्तू. ‘बिजुत्सु’ म्हणजे कला; हा शब्दही जुना नाही, १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी जर्मन शब्दाला प्रतिशब्द म्हणून तो घडवला गेला. जपान्यांनी गरजेपोटी शब्द घडवला, तसा आपणही घडवावा. ‘चित्रालय’ काय वाईट आहे?

डहाणूची सून: मला दुसऱ्या बदलाचे अधिक वाईट वाटले. आमच्या भागात लग्नघरी चौक ‘लिहायला’ सवाशिणींना बोलावतात. आत पालघट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी, आणि धवलेरीची (लग्न लावणाऱ्या वारली पुरोहित स्त्रीची) गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. माझ्या आजेसासूबाईंच्या तोंडी ‘चौक काढला’ असे मी कधीच ऐकले नाही.

शुद्धमती: बोलीचा मान राखूनही म्हणते, की प्रमाण मराठीत चित्र काढतात, रेखाटतात, चितारतात, अक्षरे लिहितात. छापील लेखात वाचकाला अडखळायला लावणारे क्रियापद कशासाठी? ‘काढणे’ हा तर फार सुंदर शब्द आहे. प्राकृतातल्या ‘कड्ढ’पासून तो आला, म्हणजे मुळात ओढणे, खेचणे. रेघ ओढली जाते, म्हणून चित्र ‘काढले’ जाते.

ओवीकार: व्युत्पत्तीच काढायची तर संस्कृतातला ‘लिख्’ धातू पाहा: त्याचा अर्थ ओरखडणे, कोरणे. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र. उषेने स्वप्नात पाहिलेला अनिरुद्ध ओळखू यावा म्हणून राजपुत्रांची चित्रे काढणारी सखी चित्रलेखा. प्रमाण मराठीने अर्थ आकसून घेतला, बोलीने तो सांभाळला. मग अशुद्ध कोण?

नाओएत्सुचा प्रवासी: मी निगातातच राहतो, म्हणून एक भर घालतो. जपानीत लिहिणे, चित्र काढणे आणि खाजवणे या तिन्हींसाठी उच्चार एकच आहे, ‘काकु’. फक्त चित्रलिपीतली चिन्हे वेगळी. त्यामुळे ‘वारली बायका चौक लिहितात’ हे जपानी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मैथिलीतही कोहबर, म्हणजे लग्नाच्या खोलीतले भित्तिचित्र, लिहितात. मराठी वाचकालाच ते खटकावे, याची खंत वाटते. चित्रे पाहायला यायचे असेल तर हिवाळ्यात बर्फामुळे संग्रहालय बंद असते, हेही लक्षात ठेवावे.

शुद्धमती: मुद्दा निसटतो आहे. चौक हा विधी आहे, त्याला ‘लिहिणे’ म्हणा. पण १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी विधीबाहेर कागद-कापडावर रंगवायला सुरुवात केली आणि पुरुषही या कलेत आले. तोकामाचीत टांगलेली वारली चित्रे त्या परंपरेतली आहेत. त्यांना पालघटीचा चौक म्हणणे आणि त्यासाठी विधीचे क्रियापद वापरणे, दोन्ही चूक.

डहाणूची सून: लग्नाच्या चौकातला माणूस आणि कापडावरचा माणूस, दोघांचेही धड टोकाला टोक जुळवलेल्या दोन त्रिकोणांचे. तांदळाच्या पिठाची तीच पांढरी रेघ भिंतीवर ‘लिहिली’ आणि कापडावर ‘काढली’, असे कसे होईल? हाताने तर तेच केले.

चैत्रबन: आपला भेद मला मान्य आहे, शुद्धमतीताई, पण माझ्या लेखातले ते वाक्य लग्नघरातल्या चौकाविषयीच आहे, तिथे पुन्हा ‘लिहितात’ ठेवण्याची विनंती करणार आहे. ‘चित्रालय’बद्दल अजून कुणी बोलले नाही.

ओवीकार: ‘चित्रालय’ नको असेल तर ‘लेख्यालय’ सुचवतो.

शुद्धमती: त्याला माझा ठाम विरोध आहे, वाचक तिथे कागदपत्रे शोधत जाईल.