मदत हवी आहे: जड पाण्यातली बुरशी पांढरीच राहते, बीजाणू का येत नाहीत?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टसाठी अ‍ॅस्परजिलस नायजर (कांद्याच्या सालीवरची काळी बुरशी) जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार, ड्युटेरियम, असलेलं पाणी) वाढवतोय. मीडिया (वाढीचं खाद्य) झापेक-डॉक्स, म्हणजे साखर आणि क्षार; जड पाणी ०, ३०, ५० आणि ७० टक्के.

३० टक्क्यांवर डोळ्यांना फरक दिसत नाही. ७० टक्क्यांवर वाढ रडतखडत होते, पण त्याचं नवल नाही. कार्बन-ड्युटेरियम बंध तुटायला जास्त चिवट, त्यामुळे तो बंध तोडणाऱ्या अभिक्रिया सातपटीपर्यंतही मंदावू शकतात. माझं घोडं अडलंय ते पुढे. तंतू पसरतात, पण काळे बीजाणू धरतच नाहीत. गाईड म्हणतात, "उशीर होतोय, थांब जरा." मला ते पटत नाही, कारण साध्या पाण्यातली वसाहत एवढीच मोठी असते तेव्हा मधोमध काळी झालेली असते.

वाचायला मिळतं ते बहुतेक शैवालावरचं. अमेरिकेत आरगॉन प्रयोगशाळेत कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी शैवाल जवळजवळ शुद्ध जड पाण्यात वाढवलं होतं. सस्तन प्राणी मात्र अंगातलं निम्मं पाणी बदललं की तग धरत नाहीत. बुरशीचं काय?

जड पाण्यात मीटर सामू कमी दाखवतो, म्हणून आकड्यात जड पाण्याच्या प्रमाणानुसार ०.४ पर्यंत मिळवतो, तेव्हा ती शंका नको. (आणि नाही, जड पाणी किरणोत्सर्गी नसतं! अलिबागजवळ थळला याचा कारखाना आहे म्हटलं की हॉस्टेलवर सगळे दोन पावलं मागे सरकतात.)

उशीर की अडथळा, हे ठरवायचं कसं?

प्रतिसाद १
पांढऱ्या वसाहतीच्या कडेचा तुकडा साध्या पाण्याच्या प्लेटवर ठेव. तिथे काळा पडला तर तंतू धडधाकट आहेत, बीजाणूंची वाट जड पाण्याने अडवली होती. तसाच एक तुकडा पुन्हा ७० टक्क्यांवरही ठेव, नाहीतर तुलना कशाशी करणार? तुलना वसाहतीच्या आकारावर करतोयस ते बरोबर, दिवसांवर जाऊ नकोस.

साखर साधीच आहे ना, ड्युटेरियमवाली नाही? मग तिच्यातला हायड्रोजन पेशीत जाणारच. म्हणजे पाण्यात ड्युटेरियम ७० टक्के, पण बुरशीच्या अंगात तेवढं नव्हे.

प्रतिसाद २
मीडिया ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करतोस का? वाफेचं साधं पाणी मिसळून टक्केवारी उतरते. आगार (प्लेट घट्ट करणारा पदार्थ) ३० टक्के वाट्याच्या साध्या पाण्यात घट्ट वितळव, क्षार-साखर जड पाण्यात विरघळवून फिल्टर कर आणि दोन्ही गरम असतानाच मिसळ. शिवाय ७० टक्क्यांच्याच प्लेटा पॅराफिल्मने (ताणून गुंडाळायच्या मेणाच्या पट्टीने) बंद केल्यास का? हवा कोंडली की नायजर एरवीही बीजाणू धरायला कुरकुरतो. गुंडाळायच्या तर सगळ्या सारख्याच गुंडाळ.