मदत हवी आहे: श्रावणात सासूबाईंना प्रथिनं कशातून द्यायची?

आम्ही मालवणचे. सासूबाईंचं वजन ५० किलो, डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितलीत. किडनीचा त्रास नाही. एरवी बांगडा, पेडवे हे मासे असतातच, पण श्रावणात त्या अंडंही शिवत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे रोज ४१-४२ ग्रॅम तरी हवीत. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण १९ ग्रॅम मिळतात. कच्च्या कुळथात २२ च्या आसपास, पण वाटीभर पिठीत (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) कुळीथ जातो तरी किती! भातात लायसिन कमी, कडधान्यात मेथिओनिन (दोन्ही प्रथिनांचे घटक), म्हणून पिठी-भात एकत्र चांगला, हे कळतं. पण जास्त कडधान्याने त्यांना गॅस होतो. मोड आलेले मूग, दही, ताक यांतून तुम्ही रोजचं कसं बसवता? घरात शाकाहारी वयस्कर माणसं असतील तर दिवसभराचं जेवण सांगा ना. पावडर त्यांना नको आहे.